सगळ्यांत वरचा नियम

“साहेब, माझ्या म्हशी अश्लील आहेत का, तेवढं एकदा सांगून टाका.”

आमच्या महाविद्यालयातले दुग्धव्यवसाय शिकवणारे प्राध्यापक माझ्या खोलीच्या दारात उभे होते आणि रागाने त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या अभ्यासक्रमात जनावरांच्या कृत्रिम रेतनावर एक धडा होता. त्याची चित्रं मुलांना दाखवावीत म्हणून त्यांनी भर वर्गात इंटरनेटवर इंग्रजीत शोध घेतला. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, की हे पान संस्थेच्या धोरणानुसार बंद आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली.

ते लाल अक्षरांतलं पान मीच बनवलं होतं, त्यामुळे राग काढायला ते योग्य ठिकाणी आले होते.

बीडहून पालीकडे जाताना आमचं महाविद्यालय लागतं. तिथे मी उमेदीची सगळी वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. पगाराच्या चिठ्ठीवर मी शेवटपर्यंत ‘प्रयोगशाळा सहायक’ होतो. मुलांसाठी मात्र ‘नेटवाले सर’. मूळचा मी वडवणीचा. टायपिंगच्या क्लासवाल्यांनी जुन्या पाटीखाली ‘कॉम्प्युटर’ असा शब्द रंगवून घेतला, त्या काळात शिकलेला. निवृत्तीच्या समारंभाला आलेल्या माझ्या सख्ख्या मेव्हण्याने जेवताना विचारलं, “भाऊजी, तुमी तिथं नेमकं करत काय होता?” इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. मी म्हणालो, “कुणाला काय बघू द्यायचं आणि काय नाही, ते मशीनला सांगत होतो.” तो म्हणाला, “म्हंजे वॉचमन.” आणि जिलेबीकडे वळला.

तसा तो फार चुकला नव्हता. पण वॉचमनला एकच फाटक असतं.

नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा कायमची इंटरनेट लाइन आली, तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि पहिलं पान उघडेपर्यंत अर्धे पाहुणे निघून गेले. लॅबच्या दाराबाहेर चपला काढायची शिस्त होती. धुळीने मशीन बिघडतं, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही ते देवळासारखं पाळायचो. तास संपला की मुलं प्रत्येक संगणकावर शिवून घेतलेलं कापड पांघरायची. आत गारवा, बाहेर चपलांचा ढीग. भारनियमनात बॅटऱ्या कुरकुरायच्या. वाटेत कुणी शेतात पाइपलाइनसाठी चर खणला की आमची केबल तुटायची, मग लाइनमन आणि मी शोधत फिरायचो. शेतकरी ओशाळून चहा पाजायचा. तो चहा अजून आठवतो.

आता कामाचं थोडं सांगतो. ते समजलं नाही तर पुढचं समजणार नाही.

लॅबमधला कुठलाच संगणक थेट बाहेर जात नसे. मधे एक सर्व्हर होता. सगळ्यांची मागणी आधी त्याच्याकडे यायची. प्रत्येकाला एक नाव आणि पासवर्ड दिलेला असे. नाव टाकलं की सर्व्हरला कळायचं, हा कोण आणि कुठल्या गटातला. गट म्हणजे कार्यालय, शिक्षक, पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष, मुलींचं वसतिगृह, असे. कुठल्या गटाला काय उघडं आणि काय बंद, याचे नियम एकाखाली एक लिहिलेले असत. सर्व्हर ते वरून खाली वाचत यायचा. जो पहिला नियम त्या माणसाला लागू पडेल, तो लावायचा आणि तिथेच थांबायचा. खाली काय लिहिलंय, ते तो बघायचाच नाही.

म्हणजे नियम काय आहे, याच्याइतकंच तो कितव्या ओळीत आहे, याला महत्त्व. कारण एकच माणूस दोन-तीन गटांत असतो. शिक्षक क्रिकेट संघाचा प्रमुख असतो. शेवटच्या वर्षाची मुलगी वसतिगृहात राहत असते. एक गट म्हणतो उघड, दुसरा म्हणतो बंद. मग ज्याची ओळ वर, त्याचं खरं. म्हणून शहाण्या माणसाने एकट्या माणसापुरता नियम सगळ्यांत वर ठेवावा, लहान गटाचा त्याच्या खाली, मोठ्या गटाचा आणखी खाली आणि तळाशी एक सरसकट ओळ: ज्याच्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही, त्याला बंद.

म्हशींचं काय झालं होतं, तर वाईट शब्दांची एक तयार यादी आम्हाला सर्व्हरबरोबर मिळाली होती आणि ती मी सगळ्यांत वर ठेवली होती. तिला म्हैस आणि माणूस यांतला फरक कळत नव्हता. मी दुग्धव्यवसायाच्या गटाची ओळ उचलून त्या यादीच्या वर नेली. प्राध्यापकांनी तिथेच उभं राहून पान उघडून पाहिलं. “सुटल्या,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला घरचं तूप आणून दिलं.

खरी गंमत पुढे झाली. नियमांची एक प्रत प्राचार्यांच्या माहितीसाठी म्हणून मी छापून दिली. ओळींपुढे एक, दोन, तीन असे आकडे होते. तासाभरात बोलावणं आलं. आमचे प्राचार्य एरवी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. चिडले की त्यांच्या तोंडी गावाकडची बोली यायची.

“दत्तात्रय, ग्रंथपाल दुसऱ्या नंबरला आणि मी सातव्या. कावून?”

“सर, तो मानाचा नंबर नाही. मशीन कोणत्या क्रमाने वाचतं, तेवढंच आहे. तुम्हाला सातव्या ओळीवरसुद्धा सगळं उघडं आहे.”

“मशीनला मान कळत न्हाई. मान्सांना कळतो.”

एकट्या माणसाची ओळ वर गेल्याने कुणाचं बिघडत नाही, म्हणून त्यांना एक नंबर दिला. ते खूश झाले. दुपारपर्यंत दोन विभागप्रमुख येऊन गेले, संध्याकाळी तिसरे. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर कोण बसणार, तसा तो प्रकार झाला. शेवटी मी नवी प्रत छापली, आकडे काढून टाकले आणि नावं बाराखडीच्या क्रमाने लावली. मशीनमधली यादी होती तशीच राहिली. महाविद्यालयात शांतता नांदू लागली.

हे सगळं आता हसण्यावारी सांगतो. महानंदाचं प्रकरण मात्र हसण्यावारी सांगता येत नाही.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब. राजकारणातले, पांढऱ्या कपड्यांतले, आवाज मोठा. त्यांच्याबद्दल लोक काहीही बोलोत, मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे. मुलींचं वसतिगृह बांधून झालं, तेव्हा त्यात राहायला मुली नव्हत्या. बापूसाहेब जीप काढून गावोगाव गेले. बापांसमोर बसले. “पोरगी माझ्याकडं हाय असं समजा,” असा शब्द देऊन त्यांनी एकेक मुलगी आणली. ते वसतिगृह नुसत्या त्या शब्दावर उभं होतं.

त्या वर्षीच्या पालक मेळाव्यात दिंद्रुडचे एक व्यापारी उठून उभे राहिले. बसलिंगआप्पा त्यांचं नाव. धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. गावात किराणा आणि बियाण्याचं दुकान. हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

“बापूसाहेब, आमी पोरी तुमच्या भरवशावर ठिवल्यात. त्या नेटवर काय काय असतंय, ते पेपरात रोज येतंय. शिकायला पुस्तकं हायत की. मग वसतिगृहातल्या पोरींना नेट कशापायी? बंद करा. न्हाई तर मी माझी पोरगी आजच घेऊन जातो.”

टाळ्या पडल्या. “बरोबर हाय,” “खरं हाय,” असे आवाज चारी बाजूंनी आले. बायका बसल्या होत्या त्या बाजूला काहीच आवाज झाला नाही.

मेळावा आटोपण्याआधीच बापूसाहेबांनी मला व्यासपीठामागे बोलावलं.

“दत्ता, वसतिगृहाचं नेट बंद कर. आत्ताच्या आत्ता.”

“पूर्ण बंद?”

“कॉलेजचं स्वतःचं पान चालू ठेव. बाकी काही नाही.”

“बापूसाहेब, शेवटच्या वर्षाला आपण ईमेल उघडा ठेवलाय, नोकऱ्यांच्या अर्जांसाठी. त्यांतल्या बऱ्याच मुली वसतिगृहातच राहतात. त्या दोन्ही गटांत आहेत. कुठला नियम वर ठेवू?”

“वसतिगृहाचा. सगळ्यांत वर.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुला काय म्हणायचंय ते मला कळतंय. पण आज एक बाप पोरगी घेऊन गेला, तर उद्या त्याच्या मागं दहा जातील. मग तो ईमेल कुणासाठी उघडा ठेवणार तू?”

 

मी लॅबमध्ये जाऊन ओळ लिहिली आणि वर नेऊन ठेवली. त्या वेळी शेवटच्या वर्षाच्या काही मुली तिथेच काम करत होत्या. एकेकीच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. सभागृहातला आवाज लॅबपर्यंत आला होताच. त्यांनी संगणक बंद केले, कापडं पांघरली आणि बाहेर जाऊन आपापल्या चपला शोधल्या.

त्यांतली एक महानंदा. बसलिंगआप्पांचीच मुलगी.

ती बी. एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रात्यक्षिकात इतर मुलं ‘कसं करायचं’ ते विचारत, ही ‘कावून’ विचारायची. नियमांच्या क्रमाचा खेळ मी वर्गाला शिकवला, तेव्हा तिने एका तासात माझ्याच यादीतली एक निरुपयोगी ओळ शोधून दिली होती. ती ओळ इतकी खाली होती, की तिच्यापर्यंत सर्व्हर कधी पोचतच नव्हता.

मेळाव्याच्या थोडं आधी ही मुलं प्राध्यापकांबरोबर औरंगाबादला जाऊन एका हैदराबादच्या कंपनीची लेखी परीक्षा देऊन आली होती. जे पास होतील त्यांना ईमेलने कळवू, असं कंपनीने सांगितलं होतं. आमच्याकडच्या मुलांना अशी संधी तेव्हा नवीन होती. मेळाव्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गातल्या एका मुलाला मेल आला. त्याची मुलाखत दोन आठवड्यांनी होती. तो पेढे घेऊन वर्गात आला आणि त्याच दुपारी महानंदा माझ्या खोलीत आली.

“सर, माझं नाव दोन गटांत हाय ना? शेवटचं वर्ष आनि वसतिगृह?”

“हो.”

“मग मी आधी कोन हाय?”

तिने ते भांडायच्या सुरात विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

“सध्या वसतिगृह,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. गणिताचं उत्तर पडताळून पाहावं, तशी. मी म्हणालो, “असं कर. दुपारच्या सुट्टीत इथे ये. माझ्या नावाने उघडतो, तू तुझा मेल बघ आणि जा. पाच मिनिटांचं काम आहे.”

“न्हाई सर.” ती लगेच म्हणाली. म्हणजे तिने आधीच विचार करून ठेवला होता. “चोरून बघितलं आनि आप्पांना कळलं, तर परीक्षेलाबी बसू द्यायचे न्हाईत. आनि पास झाले असंल, तर सांगावं तर लागंलच. काय सांगू, कुठं बघितलं म्हनून? मला माझ्या नावानं उघडून द्या.”

बीडमध्ये इंटरनेटची दुकानं होती. पण तिथल्या प्लायवूडच्या खोपट्यांत तिच्यासारखी मुलगी बसलेली कुणी पाहिली असती, तर ती बातमी तिच्या आधी दिंद्रुडला पोचली असती.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, “अध्यक्षांनी स्वतः सांगितलंय, मी कसा बदलू?” अध्यक्ष मुंबईला होते. मी खुर्ची सोडून उठलो नाही. तेव्हा प्राचार्यांनी वाट काढली. “मुलीचे वडील समोर येऊन हो म्हणाले, तर मी बापूसाहेबांना फोन लावतो. हे मी करीन.” आणि त्यांनी ते केलंही.

महानंदाने वसतिगृहाच्या रेक्टर बाईंबरोबर जाऊन एसटीडीवरून दिंद्रुडच्या दुकानात फोन लावला. काय बोलणं झालं, ते बाईंनी मला नंतर सांगितलं. पोरीला फोनवर मुलाखत, हैदराबाद हे शब्द काढायचं धाडस झालं नाही. ती एवढंच म्हणाली, “आप्पा, कॉलेजात तुमचं काम हाय. या एकदा.” त्यांना वाटलं, परीक्षेचं काहीतरी असेल. “दुकानात गर्दी हाय, बाजार झाला की येतो,” ते म्हणाले. आम्हाला वाटलं, घाई नाही. वर्गातल्या मुलाची मुलाखत अजून लांब होती. तिचीही त्याच सुमारास असणार.

बाजार होऊन गेल्यावर आप्पा आले. हातात कापडी पिशवी, तिच्यात मुलीसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं. महानंदा उभीच राहिली.

“आप्पा, औरंगाबादला मी एक परीक्षा दिलती. नोकरीची. पास झाले असंल, तर त्याचं पत्र कंपूटरवर येतंय. आनि ते बंद हाय.”

“कुनी बंद केलं?”

ती फरशीकडे बघत राहिली. मी भिंतीवरच्या बटणांकडे.

“तुमी, आप्पा.”

बसलिंगआप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मग म्हणाले, “मी ह्येच्यासाठी बोल्लो नव्हतो.”

“मला ठाव हाय,” ती म्हणाली.

“उघडा साहेब. मी हितंच बसतो.”

प्राचार्यांनी मुंबईला फोन लावला. बापूसाहेब म्हणाले, “बाप शेजारी बसलाय ना? मग उघडा.” मी फक्त महानंदाच्या नावाची एक ओळ लिहिली आणि वसतिगृहाच्या ओळीच्या वर ठेवली. आप्पा चपला काढून लॅबमध्ये आले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. लाइन मंद होती. पान वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उमटत यायचं.

मेल होता. कंपनीचाच. तिने तो वाचला आणि तिचा हात माउसवरून खाली आला.

“काय लिवलंय?” आप्पांनी विचारलं.

“पास झाले, आप्पा. मुलाखतीला बोलावलंय.”

त्यांचा चेहरा उजळला. मी स्वतः पाहिलं. हैदराबाद, लांबचा मुलूख, पोरीची जात, यांतलं काहीही त्या क्षणी त्यांच्या मनात नव्हतं. नुसतं ‘पास झाले’ एवढंच होतं.

“कवा जायचंय?”

“सोमवारी होती.”

तो बुधवार होता. कंपनीने मुलींच्या मुलाखती मुलांच्या आधी ठेवल्या होत्या. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

आप्पा पडद्याकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ती अक्षरं ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत होते. मग त्यांनी विचारलं, “हितूनच उलटं लिवून कळवता येतंय का?”

“येतंय.”

“मग लिव. बापानं बंद केलतं म्हनून लिव. पोरीची चूक न्हाई म्हनाव.”

तिने लिहिलं. बापाचा उल्लेख केला नाही. वसतिगृहातल्या मुलींना इंटरनेट बंद होतं, एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फार सभ्य भाषेत होतं. या वर्षीच्या जागा भरल्या होत्या.

आप्पा त्या रात्री दिंद्रुडला परतले नव्हते. बीडमध्ये पाहुण्यांकडे राहून ते उत्तर ऐकायला आले होते. ऐकलं, “बरं” म्हणाले आणि विचारलं, “बापूसाहेब कवा येतेत?”

बापूसाहेब आल्यावर अध्यक्षांच्या दालनात बैठक झाली. बापूसाहेब, प्राचार्य, आप्पा आणि मी. बापूसाहेबांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी स्वतः उठून आप्पांना पाणी दिलं.

“आप्पा, झालं ते वाईट झालं. आता पोरीचं कायमचं उघडं ठेवू. दत्ता, तिच्या नावाची ओळ राहू दे वर.”

“माझ्या एकट्या पोरीचं नगं,” आप्पा म्हणाले.

“मग?”

“तिच्यासंगं शेवटच्या वर्साला शिकतेत, त्या समद्या पोरींचं उघडा. माझ्या एकट्या पोरीचं उघडलं तर लोक म्हनतेल, आप्पानं दुसऱ्यांच्या पोरींचं बंद केलं आनि आपल्या पोरीचं उघडून घेतलं.”

“अहो, पण मेळाव्यात तुमीच उठून…”

“मीच बोल्लतो. सगळ्यांच्या म्होरं बोल्लतो. म्हनून आता मीच सांगनार.” आवाज तसाच हळू होता. “तुमी गावोगाव फिरून पोरी आनल्या. तुमी आता गेलात, तर लोकांना वाटंल, बापूसाहेब शब्दाला फिरले. मी जातो. बापानं बापाला सांगितलेलं येगळं असतंय.”

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “दत्ता, जमतं का हे? नुसत्या शेवटच्या वर्षाच्या पोरींचं?”

“काहीच नवीन लिहावं लागत नाही. शेवटच्या वर्षाची ओळ उचलून वसतिगृहाच्या वर ठेवायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ते खुर्चीत मागे रेलले. “मग थांब. आप्पा फिरून येऊ देत. तवर हात लावू नको.”

आप्पा फिरले. दुकानावर भावाला बसवलं आणि एसटीने गावं घेतली. वडवणी, माजलगाव, धारूरकडची दोन-तीन खेडी. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या आडतीत, कुणाच्या शेतात जाऊन बसले. वडवणीत माझ्या ओळखीच्या एका पालकाने मला नंतर सांगितलं, की हा माणूस आला, पाणी प्याला आणि म्हणाला, “माझ्यामुळं माझ्या पोरीची नोकरी गेली. तुमच्या पोरीची जाऊ नये म्हनून आलो.” दुसरं काही समजावून सांगितलं नाही.

बहुतेक बापांनी मान्य केलं. एकाने नाही केलं. त्याने आप्पांना चहासुद्धा विचारला नाही आणि आठवड्याभरात येऊन आपली मुलगी घेऊन गेला. ती परीक्षेपुरती आली आणि गेली. बापूसाहेब बोलले होते तसं दहा जणी गेल्या नाहीत, पण एक गेली. खिडकीजवळच्या संगणकावर ती बसायची. तिचा हिशेब मला कुठल्याच बाजूला मांडता येत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलींचं तर पुढेही दोन वर्षं बंदच राहिलं. ते हळूहळू, एकेक ओळ सरकवत उघडलं.

महानंदाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. हैदराबादची ती नोकरी गेली ती गेलीच. निकालानंतर काही महिने तिने बीडमधल्या एका क्लासात शिकवलं, मग पुण्यात लागली. लग्न होऊन सोलापूरला गेली आणि तिथल्या एका बँकेत संगणकाचं काम बघते. अधूनमधून तिचा फोन येतो. हैदराबादचा विषय ती कधी काढत नाही, मीही काढत नाही. ती तिथे गेली असती तर काय झालं असतं, हा विचार कधीकधी माझ्याच मनात येतो, आणि तो आला की मी दुसरं काहीतरी काम काढतो.

ज्या दिवशी मी ओळ हलवली, तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. आप्पा शेवटच्या गावाहून थेट महाविद्यालयात आले होते, धोतरावर लाल धूळ. बापूसाहेबांचा होकार आला. मी महानंदाच्या एकटीची ओळ काढून टाकली, कारण आता तिची गरज नव्हती, आणि शेवटच्या वर्षाची ओळ वसतिगृहाच्या वर नेली. मग रेक्टर बाईंना निरोप पाठवला.

मुली आल्या त्या पळतच आल्या. लॅबबाहेर चपला एकमेकींवर पडल्या. कापडं ओढली गेली. एरवी देवळासारखी शांत असलेली ती खोली बाजारासारखी गजबजली. कुणाला तीन मेल आले होते, कुणाला एकही नव्हता. एक जण मैत्रिणीला इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग विचारत होती आणि चौघी जणी एकदम सांगत होत्या. मी ओरडायला हवं होतं, ओरडलो नाही.

आप्पा दाराबाहेर व्हरांड्यात उभे होते. मी बाहेर गेलो.

“ती काय करायली?” त्यांनी विचारलं.

“अर्ज पाठवायली. नोकऱ्यांचे.”

“कुठं कुठं?”

“ते तिलाच विचारा.”

त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवल्या आणि आत गेले. मुली एकदम गप्प झाल्या. आप्पांनी कुणाकडे पाहिलं नाही. महानंदाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले. या वेळी कडेवर नाही, नीट मागे टेकून. ती टाइप करायची थांबली आणि वाट बघू लागली.

“कोनचं गाव हाय हे?” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“औरंगाबाद, आप्पा. जवळचंच हाय. दुसरं बीडमधलंच.”

खोलीतल्या सगळ्या मुली आपल्या पडद्यांकडे बघत ऐकत होत्या.

“लांबचंबी टाक,” ते म्हणाले.